खाकी गणवेशापासून चेन्नईपर्यंत

बारावीचा निकाल लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "एनसीसी घे, सी सर्टिफिकेट मिळालं की परीक्षा न देता डायरेक्ट ऑफिसर." सांगणारा बहुधा शेजारचा काका असतो, नाहीतर वरच्या वर्गातला दादा. त्याचं म्हणणं अर्धं खरं असतं. लेखी परीक्षा खरोखरच चुकते, पण 'डायरेक्ट' काही होत नाही. मध्ये तीन वर्षांच्या रविवारची झोप जाते आणि त्यानंतर पाच दिवसांची एक मुलाखत असते. तिथे ते सर्टिफिकेट फाइलीत पडून राहतं आणि समोर फक्त माणूस उभा असतो. काकांनी न सांगितलेल्या त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल हा लेख आहे.

कॉलेज आणि फौज

अमेरिकी सिनेमात कॉलेजचं पोरगं पदवी घेता घेता लष्करी शिक्षण पुरं करतं आणि पदवीदान झालं की लगेच अधिकारी होतं. तिथल्या 'आरओटीसी' योजनेची रचनाच तशी आहे. आपल्याकडे तसं नाही. बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएत गेलेला मुलगा लष्करी शिक्षणाबरोबर जेएनयूची पदवीही मिळवतो, पण त्याचं कॉलेज म्हणजेच अकादमी. जो फर्ग्युसनला, रुईयाला किंवा तालुक्याच्या कला-वाणिज्य महाविद्यालयात शिकतो, त्याला अधिकारीपदाचं खरं प्रशिक्षण पदवीनंतरच मिळतं. कॉलेजात असताना होते ती तयारी.

त्या तयारीच्या मुख्य वाटा दोन. एक सीडीएस, म्हणजे यूपीएससीची वर्षातून दोनदा होणारी लेखी परीक्षा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच ती देता येते. दुसरी एनसीसीची. दोन्ही वाटा पुढे एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड), एकाच फाटकातून जातात, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

आजोबांची सक्तीची परेड

विद्यापीठातल्या पोरांना कवायत शिकवण्याची कल्पना इंग्रजांची. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये 'युनिव्हर्सिटी कोअर' निघाली. ज्या शहरांत ती आधी उभी राहिली त्यांत मुंबईही होती. 1920 नंतर तिची 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर', म्हणजे यूटीसी झाली. जुन्या पुणेकरांच्या आठवणींत यूटीसी हा शब्द अजून सापडतो. स्वातंत्र्याच्या तोंडावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने देशव्यापी संघटनेची शिफारस केली आणि 1948 च्या कायद्याने राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजेच एनसीसी, जन्माला आली. मुलींचा विभाग पुढच्याच वर्षी सुरू झाला.

चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये एनसीसी कॉलेजांत सक्तीची झाली आणि 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक. त्यामुळे त्या पाच वर्षांत कॉलेजात असलेल्या आजोबांना एनसीसीबद्दल विचाराल तर उत्तर फार प्रेमळ मिळेलच असं नाही. आज चित्र उलटं आहे. जागा कमी आणि रांग मोठी.

जुलै चुकला की सगळं चुकलं

एनसीसीची भरती पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला, प्रवेश उरकले की होते. हाच मुद्दा सर्वांत जास्त मुलांना नडतो. बी सर्टिफिकेटला दोन वर्षं लागतात आणि सी तिसऱ्या वर्षी. पदवी तीन वर्षांची. म्हणजे 'पहिलं वर्ष जरा रुळू दे, मग बघू' असं म्हणणाऱ्याचं गणित तिथेच कोसळतं. तो दुसऱ्या वर्षी दार ठोठावतो तेव्हा एएनओ, म्हणजे एनसीसी बघणारे प्राध्यापक, मान हलवतात. ते वाईट नसतात, नियम तसा आहे.

म्हणून चौकशी कॉलेज निवडतानाच करावी. कॉलेजात एनसीसी आहे का, आणि असली तर कोणत्या विंगची? आर्मी, नेव्हल की एअर? महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी आर्मी विंग असते. पुढे राखीव जागा विंग बघूनच मिळतात, त्यामुळे हा प्रश्न फुकटचा नाही. गोव्यातल्या वाचकांसाठी एक खुलासा: गोव्यातल्या तुकड्या कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली येतात, महाराष्ट्राच्या नाही.

निवडीच्या दिवशी धावायला लावतात, उंची-वजन बघतात, चार प्रश्न विचारतात. काही कॉलेजांत छोटी लेखी परीक्षाही असते. महिनाभर आधीपासून रोज पळणाऱ्या मुलाला यातलं काहीच जड जात नाही. आणखी एक भीती घरच्यांची असते: एनसीसी घेतली की फौजेत जावंच लागतं का? नाही. कॅडेटवर सैन्यात जाण्याचं कसलंही बंधन नाही. जायचं की नाही हे पदवीनंतर ठरवावं.

परेड, रेंज, कॅम्प

परेड बहुधा शनिवार-रविवारी असते. सकाळी साडेसहा-सातला 'फॉलिन'. आदल्या रात्री गणवेशाला कडक इस्त्री, बुटाला पॉलिश, बेल्टच्या पितळी बकलला ब्रासो. बेरे टोपीवरचा लाल तुरा, ज्याला हॅकल म्हणतात, तो घरी विसरला की मैदानाला चकरा. हुकूम हिंदीत येतात: सावधान, विश्राम, दाहिने मूड, तेज चल, थम. ते देणारे सैन्यातून आलेले प्रशिक्षक, त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. उस्तादांची नजर विलक्षण असते. पन्नास पोरांच्या ओळीत एकाचा अंगठा शिवणीवरून सुटला तरी त्यांना दिसतो. शिक्षेला कॅडेटांच्या बोलीत 'रगडा' म्हणतात. परेड संपली की रिफ्रेशमेंट, म्हणजे समोसा आणि केळं. तीन वर्षं न चुकता येणारी काही मुलं त्या समोशासाठीच येतात असं गमतीने म्हणतात. मला त्यात फार खोटं वाटत नाही.

कवायत म्हणजे एनसीसी नव्हे, हे कॅम्पला गेल्यावर कळतं. वार्षिक प्रशिक्षण शिबिर दहा दिवसांचं असतं. पहाटे शिट्टी, अंधारात पीटी, मग ड्रिल, शस्त्रं, नकाशावाचन. रायफल .22 ची. ती खोलायची, जोडायची आणि मग रेंजवर आडवं पडून फायर करायचा. पहिल्यांदा गोळी झाडणाऱ्याला वाटतं, मधला काळा ठिपका फोडायचा. उस्ताद बघतात ते 'ग्रुपिंग'. पाचही गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसल्या? मधोमध एक आणि बाकीच्या चारी दिशांना गेल्या तर तो नेमबाज नव्हे. सगळ्या डाव्या कोपऱ्यात एका रुपयाएवढ्या जागेत असतील तर तो चांगला, कारण त्याचा हात स्थिर आहे, फक्त नेम सरकवायचा आहे. घरी विसरलेला हॅकल आणि विखुरलेल्या गोळ्या यांत उस्तादांच्या लेखी फारसा फरक नसतो. दोन्हीकडे माणूस रोज तसाच वागतो की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं.

आणि कॅम्पचं खरं शिक्षण वेळापत्रकाबाहेरचं. रात्री दोन ते चार संत्री ड्युटी. अनोळखी कॉलेजांतल्या पोरांबरोबर एक तंबू. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभं राहायचं, नंतर ते स्वतः घासायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी प्रत्येक तंबूत भांडण होतं: कोणी बादली घेतली, कोणाची पाळी चुकली. तेव्हा जो आवाज न चढवता पाळ्या लावून देतो त्याच्याकडे कॅम्प कमांडंटचं लक्ष जातं. अंडर ऑफिसरचा तुरा बहुधा अशाच पोराला मिळतो. कॅडेटपासून लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट आणि वर सीनियर अंडर ऑफिसर अशी ही उतरंड आहे. ही पदं शोभेची वाटतात, पण शंभर जणांना वेळेवर बसमध्ये बसवून दाखवण्याची जबाबदारी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दुसरीकडे कुठे मिळते?

सगळ्यांचं स्वप्न मात्र दिल्लीचं असतं. प्रजासत्ताक दिनाचं शिबिर, म्हणजे आरडीसी. कॉलेज, बटालियन, ग्रुप, संचालनालय अशा चाळण्यांतून महिनोन्‌महिने निवड चालते आणि त्यातून उरलेले कॅडेट जानेवारीची थंडी दिल्ली कँटोन्मेंटमध्ये काढतात. शिबिराच्या अखेरीस सर्वोत्तम संचालनालयाला पंतप्रधानांचा ध्वज मिळतो. महाराष्ट्राने तो अनेकदा आणला आहे. पण आरडीसीला न गेलेला मुलगा अधिकारी होत नाही असं मुळीच नाही. ही गोष्ट कोणी उघडपणे सांगत नाही, म्हणून इथे लिहिली.

बी, सी आणि त्यावरची ग्रेड

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बी, तिसऱ्याच्या शेवटी सी. दोन्हींसाठी परेडला 75 टक्के हजेरी लागते आणि सीसाठी साधारण दोन कॅम्प झालेले असावे लागतात. परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही असते. सर्टिफिकेटवर ए, बी किंवा सी अशी ग्रेड छापून येते आणि मेख तिथेच आहे. सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला सी सर्टिफिकेटमध्ये किमान बी ग्रेड लागते. 'सी'मध्ये 'सी' ग्रेड घेऊन आलेल्याला सर्टिफिकेट भिंतीवर लावता येतं, या वाटेने अर्ज करता येत नाही.

त्याबरोबर पदवीला किमान 50 टक्के. कॅम्पच्या नादात सेमिस्टरचे विषय राहिले, एटीकेटीने टक्केवारी 48 वर अडकली, असे कॅडेट प्रत्येक बॅचमध्ये निघतात. हल्ली एनसीसीलाच पदवीचे श्रेयांक देण्याची सोय झाली आहे. यूजीसीने 2021 मध्ये विद्यापीठांना तसं कळवलं होतं. त्याने थोडा आधार मिळतो, पण नापास झालेलं अर्थशास्त्र त्यातून सुटत नाही.

जागा किती?

थोड्या. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी, म्हणजे ओटीएसाठी, एनसीसी स्पेशल एंट्रीची जाहिरात वर्षातून दोनदा निघते. अर्ज ऑनलाइन, वय 19 ते 25, अविवाहित. दर खेपेला संपूर्ण देशासाठी पुरुषांच्या जागा शंभराच्या आत आणि मुलींच्या एक आकडी. युद्धात कामी आलेल्या जवानांच्या मुलांसाठी त्यातल्या काही राखीव असतात आणि त्यांना सी सर्टिफिकेटची अट नाही.

सीडीएसमधूनही सी सर्टिफिकेट उपयोगी पडतं. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीच्या, म्हणजे आयएमएच्या, दर कोर्समधल्या शंभर जागांपैकी 13 आर्मी विंगच्या सी सर्टिफिकेटधारकांसाठी असतात. नौदल आणि हवाई दलाच्या अकादमीतही आपापल्या विंगसाठी मोजक्या जागा आहेत. हवाई दल फ्लाइंग ब्रँचच्या दहा टक्के जागा एअर विंगला ठेवतं. माझा सल्ला विचाराल तर सी सर्टिफिकेट हातात असलेल्यानेही सीडीएसचा फॉर्म भरावाच. ओटीएसाठीच्या पेपरात गणित नसतं, फक्त इंग्रजी आणि सामान्यज्ञान. आणि त्या दाराच्या जागा कितीतरी जास्त आहेत.

एसएसबीचे पाच दिवस

इथे एनसीसीवाला, सीडीएसवाला, इंजिनिअर, वकील सगळे एका रांगेत. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू अशा ठिकाणी ही निवड मंडळं आहेत. स्टेशनवरून मंडळाच्या गाडीत बसलं की नाव संपतं आणि छातीवरचा 'चेस्ट नंबर' सुरू होतो.

पहिला दिवस चाळणीचा. बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग पडद्यावर अर्धा मिनिट एक धूसर चित्र. त्यावर गोष्ट लिहायची, ती गटापुढे सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट ठरवायची. इथे मासळीबाजार भरतो. पंधरा जण एकदम बोलतात. ओरडणारे निवडले जातात असा समज आहे, तसंच गप्प बसणारे वाचतात असाही. दोन्ही समज घेऊन आलेली पोरं संध्याकाळच्या गाडीने परत जातात. निम्म्याहून अधिक जण त्याच दिवशी घरी जातात, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नये.

दुसरा दिवस मानसशास्त्राचा. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. मग साठ शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग, अर्ध्या तासात. हात दुखून येतो. वेळ मुद्दाम इतका तोकडा ठेवलेला असतो की क्लासमध्ये पाठ केलेली आदर्श उत्तरं आठवेपर्यंत पुढचा शब्द येतो. साठापैकी दहा-पंधरा ठिकाणी खोटं खपेल, पण बाकीच्या पंचेचाळीस ठिकाणी माणूस स्वतःच उतरतो.

मग मैदान. फट्टा, बल्ली, दोरी आणि ड्रम देऊन सांगतात, या ओझ्यासकट पलीकडे जा, लाल रंगाला स्पर्श करायचा नाही. गट आधी सोबत, मग अर्धा, मग एकेकजण नेता. ज्याने कॅम्पमध्ये तंबू ठोकले, सामान ट्रकमध्ये चढवलं, दमलेल्या पोरांकडून काम करून घेतलं, त्याचे हात इथे आपोआप चालतात. एनसीसीचा खरा फायदा मला इथे दिसतो, सर्टिफिकेटच्या कागदात नाही.

मुलाखत तासभर चालू शकते. सुरुवातीलाच दहावीपासूनचे गुण, आवडते-नावडते शिक्षक, मित्र, छंद, दिनक्रम असे आठ-दहा प्रश्न एका दमात विचारतात, तुम्ही क्रमाने उत्तरं द्यायची. मग घरचं, गावचं. कराडहून आलेल्याला कोयना धरणात किती टीएमसी पाणी मावतं हे सांगता आलं नाही तर जागतिक राजकारणावरचं त्याचं भाषण हलकं वाटू लागतं. (उत्तर 105 च्या आसपास.) मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. बोलावं इंग्रजीतच लागतं, त्यामुळे तीन वर्षं रोज थोडं बोलून सवय हवी. पण ही वक्तृत्व स्पर्धा नाही. साधी, सरळ, चुकलं तर सुधारून पुढे जाणारी वाक्यं चालतात.

मानसतज्ज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा हे तिघं एकमेकांना न विचारता मत बनवतात. मनसा, वाचा, कर्मणा हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग निवड मंडळाच्या भाषेत नेहमी येतो. तिन्ही ठिकाणी एकच माणूस दिसला पाहिजे. पाचव्या दिवशी कॉन्फरन्समध्ये सगळ्यांपुढे मिनिट-दोन मिनिटं बसवतात, मग चेस्ट नंबर पुकारतात. पन्नासेक जणांमधून चार-पाच, कधी एकही नाही.

नाशिक रोडचं केंद्र

हजारो रुपये घेणारे एसएसबी क्लास पुण्यात गल्लोगल्ली आहेत. त्याआधी एक सरकारी, फुकट पर्याय माहीत असावा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. सीडीएसची लेखी परीक्षा पास झालेल्या किंवा सी सर्टिफिकेटमध्ये ए अथवा बी ग्रेड असून एनसीसी ग्रुपने शिफारस केलेल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना तिथे एसएसबीचा दहा दिवसांचा कोर्स मिळतो, राहण्या-जेवणासह. चौकशी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात करावी. त्याची जाहिरात पेपरात एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते, म्हणून ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते.

मेडिकल

रेकमेंड झालेल्यांची लष्करी रुग्णालयात तपासणी होते. डोळे, कान, गुडघे, तळपाय, वजन. कानातला मळ काढायचा राहिला म्हणून पुन्हा बोलावणं येतं तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. गोंदणाबद्दलचे नियम कडक आहेत, कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या भागावरचं छोटं गोंदण चालतं. कॉलेजच्या सहलीत हौसेने काढलेला मानेवरचा ड्रॅगन चालत नाही. अपात्र ठरल्यास 42 दिवसांत अपील करता येतं आणि बऱ्याच जणांचं काम तिथे होऊन जातं. एवढं सगळं पार पडूनही गुणवत्ता यादीत जागांच्या आत नाव यावं लागतं.

चेन्नईचे 49 आठवडे

चीन युद्धानंतर अधिकारी तातडीने हवे होते, म्हणून 1963 मध्ये पुणे आणि मद्रास इथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाली. पुण्याची लवकरच बंद झाली. मद्रासची टिकली आणि 1988 पासून तिला अकादमी म्हणू लागले. सेंट थॉमस माउंटजवळचा तिचा परिसर महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलांना आधी घामाने आणि मग सांबाराने ओळखीचा होतो. 1992 पासून मुलीही इथे शिकतात.

कोर्स 49 आठवड्यांचा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होणारा. प्रशिक्षणाच्या काळात महिन्याला 56,100 रुपये विद्यावेतन मिळतं आणि शेवटी मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदविका. मध्येच स्वतःहून सोडून आल्यास खर्च भरून द्यावा लागतो. सी सर्टिफिकेटवाला पहिला महिना जरा रुबाबात असतो, कारण त्याला ड्रिल येतं. पाठीवर ओझं घेऊन लांब पल्ल्याच्या धावा सुरू झाल्या की सगळे पुन्हा सारखे होतात.

इथल्या ड्रिल मैदानाला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव आहे. मुंबईत जन्मलेले, एसआयईएस कॉलेजातून विज्ञानाची पदवी घेतलेले हे अधिकारी याच संस्थेतून 1972 मध्ये महार रेजिमेंटमध्ये गेले. 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी हल्लेखोराचीच रायफल हिसकावून त्याला मारलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. दीक्षान्त संचलनात प्रत्येक नवा अधिकारी 'अंतिम पग' ओलांडून बाहेर पडतो, तो याच मैदानावरून.

दहा वर्षांचा करार

ओटीएतून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन. दहा वर्षं नोकरी, हवी असल्यास आणखी चार. दहाव्या वर्षी कायम कमिशनसाठी अर्ज करता येतो. स्त्री अधिकाऱ्यांना हा हक्क बहुतेक शाखांत उशिरा मिळाला. 17 फेब्रुवारी 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांच्यासाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं. कायम कमिशन न मिळाल्यास किंवा नको असल्यास पेन्शनविना, पण ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडायचं.

तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट झालेली मुलगी तेव्हा चौतिशीच्या आसपास असते, हाताखाली शंभर-दीडशे माणसं सांभाळलेली. तिच्या आईला मात्र अजून आठवत असतं ते वेगळंच: रविवारी पहाटे साडेपाचला वाजणारा गजर आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून चाललेलं बुटांचं पॉलिश.